चढणीच्या माशांचं दार

एकदा एका नदीवर एक बंधारा उभा राहिला, आणि तो बांधणारा निंबाजी काही काळ त्या मुलखातला सर्वांत सुखी माणूस झाला. हे सुख फार टिकलं नाही. पण ते कसलं होतं, हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

निंबाजी हा एका वृद्ध स्थपतींचा शिष्य. सगळा मुलूख त्यांना आचार्य म्हणे. बंधारे बांधणाऱ्यांच्या त्या परंपरेत एक रीत होती. शिष्याने स्वतःचा पहिला बंधारा पुरा केला आणि त्यात काठोकाठ पाणी साठलं, की गुरू भिंतीच्या खालच्या, कोरड्या अंगाने या काठापासून त्या काठापर्यंत चालत जात. चालताना खांद्यावरचं उपरणं भिंतीला टेकवून दगडादगडावरून फिरवत नेत. पलीकडे पोचल्यावर उपरणं कोरडं असेल, तर ते शिष्याच्या खांद्यावर येई आणि तिथून पुढे तो कुणाचा शिष्य राहत नसे. ओलं झालं, तर गुरू ते पिळून पुन्हा आपल्याच खांद्यावर टाकत आणि शिष्य मान खाली घालून घरी जाई. कित्येकांची उमर अशी मान खाली घालण्यात गेली होती.

निंबाजीच्या भिंतीवरून फिरलेलं उपरणं इतकं कोरडं निघालं, की आचार्यांनी ते दोनदा झटकून पाहिलं. त्या दिवशी खालच्या गावांतून माणसं लोटली होती. पाटाचं पाणी शेतात खेळणार म्हणून जो तो खुशीत होता, आणि ती खुशी काही खोटी नव्हती. त्या पाण्यावर पुढे खरोखरच उसाचे मळे उभे राहिले. निंबाजीने उपरणं खांद्यावर घेतलं आणि घरी येऊन ते बायकोला दाखवलं. तिने हात लावून पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

त्याची बायको येसू नदीच्या वरच्या अंगाची. बंधाऱ्यापासून दिवसभर चाललं, की डोंगराच्या कुशीत डोहवाडी नावाची भोयांची वस्ती लागे. वस्तीखाली खोल, थंड डोह. पावसाळ्यात नदी दुथडी भरली, की खालच्या मोठ्या पाण्यातले खडस मासे प्रवाहाच्या उलट चढत चढत त्या डोहापर्यंत येत आणि तिथल्या दगडगोट्यांत अंडी घालत. हे चढणीचे मासे डोहात दिसले, की वस्तीतली माणसं आपापली जाळी घराच्या आढ्याला टांगून ठेवत. पिल्लं पोहायला लागेपर्यंत जाळ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आता मासेमाराने जाळं टांगलं म्हणजे हाताला काम नाही. मग ही सगळी माणसं आपापल्या लेकी-बहिणींना माहेरी आणायला निघत. असा मुऱ्हाळी बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला, की तो "चल" म्हणत नसे, "आईने बोलावलंय" असंही म्हणत नसे. तो एवढंच म्हणे, "जाळी टांगली." आणि आत लेक गाठोडं बांधायला घेई.

बंधारा झाल्यापासून डोहवाडीत जाळी टांगली गेली नव्हती.

पहिल्या पावसाळ्यात येसूने वाट पाहिली. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते सासरी झालं. मुलगी झाली. तिसऱ्या पावसाळ्यात ती मुलगी दुडुदुडू चालायला लागली, आणि आजीने अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आजीला त्याच सुमारास दिसेनासं व्हायला लागलं होतं, म्हणजे तोंड पाहायलाही फार दिवस उरले नव्हते. वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून हे सगळं येसूच्या कानावर येत होतं आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हती.

निंबाजी एकदा म्हणाला, "त्यात एवढं काय? मी नेतो तुला. उद्याच निघू."

"अशी कशी जाऊ?" येसू म्हणाली. "आमच्यात मुऱ्हाळ्याबिगर लेक दारात उभी ऱ्हायली, तर नवऱ्यानं टाकली असं समजत्यात. आईनं ते ऐकून घ्यायचं का, ह्या वयात?"

"मग राणबाला निरोप धाडू. तुझा भाऊच ना तो?"

"राणबा हाय कुठं वाडीत? वर मासाच येत न्हाई, म्हणून सगळे गडी जाळी घेऊन खाली खाडीकडं गेल्यात. आई एकलीच हाय." मग मुलीच्या अंगावर पांघरूण सारखं करत ती अगदी सहज म्हणाली, "तुमची भिंत लई चांगली हाय. कायबी जात न्हाई तिच्यातनं."

या बोलण्यात राग नव्हता. असता तर निंबाजीला बरं वाटलं असतं, कारण रागाला उत्तर देता येतं.

त्याने मनावर घेतलं. माशांना वर जाता यावं म्हणून त्याने बंधाऱ्याला पायऱ्यापायऱ्यांचा एक दगडी उतार जोडायचं ठरवलं. प्रत्येक पायरीत पाण्याचं लहानसं कुंड, एकातून दुसऱ्यात उडी मारत मासा वर जाईल, असा बेत. बेत वाईट नव्हता. जागा म्हणून त्याने गावाकडचा काठ निवडला, घाटाच्या शेजारचा. तिथे दगड आणायला गाडीवाट होती, पाया पक्का होता, आणि खरं सांगायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काम दिसणारही होतं. दगड त्याने असे घासून घेतले की त्यांत तोंड दिसावं. पहिल्या पायरीवर एक मासाही कोरला, बहुधा माशांना वाचता येत नाही म्हणून. या पायऱ्यांतून पाणी मात्र त्याने करंगळीएवढं सोडलं, कारण भिंतीतून पाणी वाया घालवणं हे त्या परंपरेत पाप होतं आणि त्याच्या खांद्यावर कोरडं उपरणं होतं. लोक येऊन पाहून गेले. माशांचा घाट म्हणून त्याचं कौतुक झालं. एकाने तर तिथे गंध-फूल वाहिलं.

पूर आला. चढणीचे मासेही आले. घाटावरच्या पायऱ्यांकडे मात्र त्यांच्यातला एकही फिरकला नाही.

ते सगळे पलीकडच्या काठाला, सांडव्याखाली गोळा झाले. तिथे भरलेल्या बंधाऱ्याचं जास्तीचं पाणी कड्याला लागून धो-धो कोसळत होतं. त्या कोसळत्या पाण्यात ते मासे तोंड खुपसून उभे राहत, सगळं बळ एकवटून उसळत, भिंतीवर आपटत आणि खाली पडत. पुन्हा उसळत. निंबाजी ते पाहत दिवसचे दिवस काठावर बसून राहिला. त्याने पोरं लावून माशांना हाकारे घालून पाहिले. टोपलीत घालून काही मासे पायऱ्यांशी नेऊन सोडले, तर ते गिरकी घेऊन थेट सांडव्याखाली परत गेले. खडकावर आपटून मेलेल्या मादीच्या पोटातली अंडी त्याने पाहिली, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर येसूने काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याने तो इतका चिडला, की दुसऱ्या दिवशी सकाळीच उठून आचार्यांकडे गेला.

"या मुक्या प्राण्यांना काडीची अक्कल नाही," तो बसता बसताच म्हणाला. "इतका उत्तम मार्ग करून ठेवलाय आणि हे मूर्ख भिंतीवर डोकं फोडून घेताहेत. मी आणखी काय करायचं?"

आचार्य सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परवा दुपारी माझ्याकडे जेवायला ये. तुला आवडतं तसं वांग्याचं भरीत करायला सांगतो. आणि उपाशी ये."

निंबाजी मनात म्हणाला, म्हातारपण आलं की माणसाला असं होतं. माशांचं विचारावं तर वांग्याचं सांगतात. तरीही तो गेला. ते घर त्याला नवं नव्हतं. सारी विद्या तो त्याच ओसरीवर बसून शिकला होता. अंधारातही तो तिथे न चाचपडता जाऊ शकला असता.

ओसरीवर चढला आणि थबकला. दार होतं तिथे भिंत होती. दगड ताजे रचलेले, मधला चिखल अजून ओला. भिंतीच्या वरच्या फटीतून आतल्या भरताचा खमंग वास येत होता.

"आचार्य?"

"ये रे निंबा," आतून आवाज आला. "पान वाढलंय."

"दार कुठे गेलं?"

"केलंय की दार. चांगलं ऐसपैस केलंय. तोरण बांधलंय, उंबऱ्यावर रांगोळी काढलीय. ये लवकर, भाकरी निवते."

निंबाजीने भिंत चाचपली. कुठे फट आहे का पाहिलं, एक-दोन दगड ढकलून पाहिले. मग डाव्या अंगाने थोडा पुढे गेला, पण तिथे निवडुंगाचं कुंपण लागलं आणि आचार्यांचा आवाजही पुसट झाला. आपण चुकीच्या बाजूला आलो असं वाटून तो परत फिरला. उजव्या अंगाने गेला, तिकडे वासही नाही आणि आवाजही नाही. पुन्हा ओसरीवर. आतून आचार्य अधूनमधून हाक मारतच होते, "येतोयस ना?" आणि प्रत्येक हाकेसरशी तो त्याच भिंतीला आणखी बिलगत होता. शेवटी त्याने खांदा लावून जोर केला, तेव्हा कोपर खरचटलं आणि दगड तसूभर हलला नाही. भुकेने आणि संतापाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस, गुरूंच्या घरापुढे उभा राहून रडकुंडीला आला होता.

बऱ्याच वेळाने आचार्य घराला वळसा घालून बाहेर आले. त्यांनी त्याचा हात धरला. निवडुंगाच्या पलीकडून, गोठ्यामागून, शेणाच्या उकिरड्याला चुकवत ते त्याला मागच्या अंगाला घेऊन गेले. तिथे खरोखरच एक देखणं दार होतं. चौकटीवर नक्षी होती, आंब्याचं तोरण होतं, आणि रांगोळी तर अशी होती की पाय ठेवायला संकोच वाटावा.

आत पानातलं सगळं गार झालं होतं. आचार्य म्हणाले, "बैस. इतक्या सुंदर दारातून यायचं सोडून भिंतीवर कोपर फोडून घेतोस? तुझी अक्कल कुठे गेली होती?"

निंबाजी ताटावर बसला, पण त्याने घास उचलला नाही. माशांविषयी बोललेले स्वतःचे शब्द त्याला आठवले होते.

आचार्यांचा स्वर तेव्हा सौम्य झाला. "निंबा, तू चुकला नाहीस. हाक जिकडून आली तिकडे गेलास. भुकेलं माणूस दुसरीकडे कुठे जाईल? चूक माझी, मी हाक एकीकडून मारली आणि दार दुसरीकडे ठेवलं. मासा काही भिंत बघून येत नाही. तो पाण्याची ओढ बघून येतो. जिथे पाणी जोराने अंगावर येतं, तिथेच वरची वाट आहे, हे त्याच्या रक्तात आहे आणि आजवर नदीने त्याला त्यात कधी फसवलं नाही. फसवलं ते आपण. तू दार केलंस ते तुझ्या सोयीच्या जागी, लोकांना दिसेल असं. पाहुणा ज्या जागी येऊन उभा राहतो, तिथे दार ठेवणं हे यजमानाचं काम असतं. ते शोधणं हे पाहुण्याचं काम नव्हे."

निंबाजीने बोटाने जमिनीवर भिंतीची रेघ ओढली आणि तिच्या पलीकडच्या टोकाला बोट टेकवलं. मग म्हणाला, "म्हणजे सांडव्यालगतची भिंत फोडायची."

"मी तसं कुठे म्हणालो? मी तुला जेवायला बोलावलं होतं."

"भिंतीतलं सर्वांत भक्कम काम आहे ते. तिथल्या सांध्यांत मी शिसं ओतलंय. आणि करंगळीएवढं पाणी पुरणार नाही, चांगला लोंढा सोडावा लागेल, तरच त्यांना ती हाक वाटेल. पावसाळा सरला की फळ्या टाकून वाट बंद करता येईल, शेतीच्या पाण्याला तोटा पडणार नाही. पण फळ्या झिरपतातच. माझी भिंत पुन्हा कधी कोरडी राहायची नाही, आचार्य."

आचार्यांनी त्याच्या भरतावर थोडं तेल वाढलं. निंबाजीने खांद्यावरचं उपरणं काढलं, नीट घडी केली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आचार्यांनी ते मुकाट्याने उचलून बाजूच्या फळीवर ठेवलं, "राहू दे" म्हणाले नाहीत. निंबाजीला ते फार लागलं. पण गार भरीत त्याने संपवलं आणि तो उठला.

नदी उतरल्यावर त्याने सांडव्याशेजारी पहिला घाव घातला. खालच्या गावात लगेच बोभाटा झाला, की निंबाजीच्या भिंतीत खोट निघाली म्हणून तो फोडतोय. त्याच्याबरोबरीचे दोन स्थपती मुद्दाम पाहायला आले आणि दु:ख झाल्यासारखा चेहरा करून गेले. गावच्या पाटलाने येऊन विचारलं, "बाबा रे, आमचं पाणी राहतंय ना?" निंबाजीने त्याला फळ्या दाखवल्या, खाचा दाखवल्या, तेव्हा पाटील डोकं खाजवत गेला. बाकी कुणाला त्याने काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्याच्यापाशी अजून काही नव्हतं.

या वेळी त्याने दगड घासले नाहीत. कड्याला लागून वळणावळणाची वाट काढली आणि तिच्यात ओबडधोबड दगड उभे रोवले, त्यांच्या आडोशाला पाणी जरा निवांत राहावं म्हणून. वाटेचं तोंड बरोबर त्या जागी ठेवलं, जिथे कोसळत्या पाण्याखाली ते मासे उभे राहत होते. दगडावर मासा कोरायचा मोह त्याला झाला नाही.

पुन्हा पाऊस लागला. बंधारा भरला आणि नव्या वाटेतून लोंढा पहिल्यांदा खाली धावला. त्या दिवशी आचार्य काठी टेकत नदीवर आले. सोबत ते उपरणं होतं. त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे ते भिंतीला टेकवलं आणि गावाकडच्या काठापासून चालायला सुरुवात केली. निंबाजी मागून जात होता आणि त्याला वाटत होतं, की हे पाहण्यापेक्षा घरी बसलो असतो तर बरं. सांडव्याजवळ पोचेपर्यंत उपरणं चिंब झालं. आचार्यांनी ते पिळलं नाही. पाणी गळतंय तसंच निंबाजीच्या खांद्यावर टाकलं.

"हे ओलं आहे," निंबाजी म्हणाला.

"हो," आचार्य म्हणाले. "कोरडं उपरणं मी आजवर पुष्कळांना दिलं."

पूर वाढला. चढणीचे मासे आले, सांडव्याखाली जमले, आणि एके सकाळी निंबाजीला फेसात एक काळसर पाठ दिसली. ती पहिल्या दगडाआड थांबली. मग दुसऱ्या. मग गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. तिच्यामागून आणखी गेल्या असाव्यात, पण गढूळ पाण्यात खात्रीने काय सांगणार? आणि वरपर्यंत पोचल्या का, हे तर मुळीच कळायला मार्ग नव्हता. वर अख्ख्या दिवसाची वाट होती, खडक होते, धबधबे होते. निंबाजी घरी येऊन येसूला काही बोलला नाही. उगीच आशा लावायची आणि मग ती मोडायची, हे त्याच्याने होणार नव्हतं. ती आपल्या कामात होती, हा आपल्या. मुलगी मात्र दोघांमध्ये लुडबुडत होती.

असे बरेच दिवस गेले. निंबाजीने मनाची समजूत घालायला सुरुवात केली, की यंदा नाही तर पुढच्या वर्षी, दगड थोडे हलवून पाहू.

मग एका दुपारी कुणीतरी ओसरीवर चढल्याचा आवाज झाला. निंबाजी दारात आला. समोर राणबा उभा होता, पायांना चिखल, डोक्यावर घोंगडं, आणि खांदा रिकामा. इतकी वर्षं त्या खांद्यावरून जाळं उतरलं नव्हतं.

"या," निंबाजी म्हणाला.

"आलो, दाजी," राणबा म्हणाला. "आमचा एक गडी मधी वाडीत गेला होता, त्यानं डोह बघितला आन् खाडीपातूर सांगत आला. सगळे परतलो." मग तो पाय धुवायलाही थांबला नाही. निंबाजीच्या खांद्यावरून आत पाहत, जरा मोठ्याने, रीतीप्रमाणे म्हणाला, "जाळी टांगली."

निंबाजीने वळून पाहिलं. त्याला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर सामानाची आवराआवर करायला धावेल. येसू मुलीला कडेवर घेऊन उभी होती, आणि तिच्या दुसऱ्या हातात गाठोडं होतं. ते तिने केव्हा बांधून ठेवलं होतं कोण जाणे. निंबाजीने ते हातात घेतलं, तेव्हा त्याच्या गाठीवर चुलीची राख बसलेली त्याला दिसली, बऱ्याच दिवसांची.